इंजिन खोलल्यानंतरचे पहिले दहा तास

(फवारणी यंत्रांची निगा या विषयावरील शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



मी कृषिविद्या शिकवतो. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या हा माझा रोजचा विषय. तरीही आज मी पाठीवरच्या पेट्रोल पंपाच्या इंजिनाविषयी बोलणार आहे. त्याचे कारण सरळ आहे. पाऊस उघडताच फवारणी करावी, अशी आम्ही शिफारस करतो. शिफारस बरोबर असते, औषध घरात आणलेले असते, मजूर बांधावर उभा असतो आणि नेमका पंप बंद पडतो. द्राक्षावरचा केवडा, डाळिंबावरचा तेल्या किंवा आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे आपल्या दुरुस्तीसाठी थांबत नाहीत. टाकीत कालवलेले औषध दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, ते वाया जाते. गेलेली वेळ तर कोणत्याही औषधाने भरून येत नाही.

आता बॅटरीवर चालणारे पंप घरोघरी आले आहेत. कपाशी, सोयाबीन, भाजीपाला यांत ते चांगले काम देतात. परंतु दाट फळबागेत पानांच्या आतपर्यंत हवेच्या झोताने औषध पोचवायचे असेल, तर पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर अजूनही अनेकांकडे आहे. गवत कापणीच्या यंत्रांतही असेच इंजिन मोठ्या संख्येने असते. ही बहुतेक इंजिने दोन स्ट्रोकची आहेत. तीन-चार हंगाम चालल्यावर इंजिनाचा दम जातो, मग आपण ते खोलतो, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, ऑइल सील बदलतो आणि दुसऱ्याच दिवशी पूर्ण रेसवर फवारणीला नेतो. गावोगावी एकच तक्रार ऐकू येते, ‘नवे सामान टाकले, पण आठवड्यात पुन्हा जाम झाले.’ दोष सामानाला दिला जातो. पुष्कळदा खरा दोष कार्ब्युरेटरच्या जुळणीत आणि पहिल्या दहा तासांच्या वापरात असतो. आज तेवढेच समजून घेऊ.

दोन स्ट्रोक इंजिनाचे वेगळेपण

विहिरीवरच्या डिझेल इंजिनात तळाशी तेलाचा साठा असतो. डिझेल कमी-जास्त झाले तरी तेल आपले काम करीत राहते. दोन स्ट्रोक इंजिनात असा साठा नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हवेबरोबर प्रथम क्रँककेसमध्ये येते, तेथे बेअरिंगला लागते, मग सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन व रिंगांना लागते आणि शेवटी जळून जाते. म्हणजे जे पेट्रोल आत येते, त्याच्याबरोबरच तेल येते. आत येणारे थंड पेट्रोल पिस्टनची उष्णताही काही प्रमाणात कमी करते.

आता विचार करा. पेट्रोल वाचावे म्हणून कोणी कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी केले, तर तीन गोष्टी एकदम घडतात. ज्वलन जास्त तापते, थंडावा कमी होतो आणि तेलही कमी मिळते. पेट्रोलच्या मानाने हवा जास्त झालेल्या अशा मिश्रणाला आपण विरळ मिश्रण म्हणू. पेट्रोल जास्त असेल, तर ते दाट मिश्रण. दाट मिश्रणाने धूर होतो, प्लग काळा पडतो, इंजिन अडखळते. परंतु ते मोडत नाही. विरळ मिश्रणावर इंजिन काही वेळ फार छान, हलके आणि चपळ चालते व नंतर पिस्टन सिलिंडरला धरतो. इंजिन खोलल्यानंतर कार्ब्युरेटर लावताना चूक व्हायचीच असेल, तर ती दाट बाजूला व्हावी, विरळ बाजूला नको.

नव्या सामानाला हा धोका जास्त असतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम बिडाच्या मानाने सुमारे दुप्पट फुगते. जुना पिस्टन झिजलेला असल्याने त्याला फुगायला जागा असते. नव्या पिस्टनला ती जेमतेम असते. त्याशिवाय नव्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत वरून गुळगुळीत दिसली तरी तिच्यावर बारीक उंचवटे असतात. ते एकमेकांवर घासून बसेपर्यंत घर्षण जास्त, म्हणून उष्णताही जास्त. अशी इंजिने मिनिटाला पाच हजारांहून अधिक फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ऐंशीहून अधिक वेळा आत स्फोट होतो. हात लावून अंदाज घेईपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते.

इंजिन बंद करून घेताना काय पाहावे

मिस्त्रीकडून इंजिन ताब्यात घेण्यापूर्वी पुढील गोष्टी त्याच्याबरोबर उभे राहून पाहाव्यात.

१. इंजिन पूर्वी का गेले, ते आधी शोधावे. पिस्टनवर एग्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर विरळ मिश्रण, कमी तेल किंवा तापणे यांचा संशय घ्यावा. कारण न काढता नवा पिस्टन टाकला, तर तोही त्याच वाटेने जाईल.

२. पिस्टनवरचा बाण एग्झॉस्टच्या बाजूला असावा. रिंगांची तोंडे पिस्टनच्या खाचेतील बारीक खिळ्यावर बरोबर बसलेली असावीत. पिस्टनपिनच्या दोन्ही सर्क्लिप नव्याच टाकाव्यात.

३. काही लहान इंजिनांच्या सिलिंडरला आतून क्रोमचा कठीण थर असतो. असा सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन टाकता येत नाही, सिलिंडरच बदलावा लागतो. बिडाचा सिलिंडर असेल तर बोअरिंग, होनिंग करता येते.

४. दोन्ही ऑइल सील, सिलिंडरखालचे गॅस्केट आणि कार्ब्युरेटरचे गॅस्केट नवे असावे. दोन स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हाच हवा ओढणारा व ढकलणारा पंप आहे. तेथे कोठेही फट राहिली, तर कार्ब्युरेटर चुकवून जादा हवा आत जाते आणि मिश्रण विरळ होते. अशा वेळी जेट कितीही बदलले तरी मेळ बसत नाही. चांगले मिस्त्री कार्ब्युरेटर व सायलेन्सरची तोंडे बंद करून क्रँककेसमध्ये हलका, दर चौरस सेंटिमीटरला ०.४ किलोच्या आसपास दाब देतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतात. ही तपासणी आग्रहाने करून घ्यावी. चालू इंजिनात फटीची खूण अशी : थ्रॉटल सोडला तरी रेस लवकर खाली येत नाही, मध्येच लटकून राहते.

५. सिलिंडरच्या पंख्या आणि पंख्याचे झाकण स्वच्छ असावे. ज्या ब्लोअरने गंधकाची भुकटी धुरळली जाते, त्याच्या पंख्यांमध्ये भुकटी व तेलाचा थर बसून हवा अडते. सायलेन्सरमधील काजळीही काढावी.

६. हवेचा फिल्टर धुऊन, वाळवून जागेवर बसवलेला असावा. फिल्टर काढून कार्ब्युरेटर लावला आणि नंतर फिल्टर बसवला, तर सगळी जुळणी बदलते.

पेट्रोल आणि तेल

तेलाचे प्रमाण आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असेल तेच धरावे. निरनिराळ्या प्रमाणांना एक लिटर पेट्रोलमध्ये किती तेल लागते, ते असे :

२५ भाग पेट्रोलला १ भाग तेल : ४० मिलि
३० भागांना १ भाग : ३३ मिलि
४० भागांना १ भाग : २५ मिलि
५० भागांना १ भाग : २० मिलि

तेल टू-टी जातीचे, हवेने थंड होणाऱ्या दोन स्ट्रोक इंजिनासाठीचे असावे. डब्यावर एपीआय टीसी, जासो एफसी किंवा जासो एफडी अशी खूण असते. ट्रॅक्टरचे किंवा मोटारसायकलचे इंजिन ऑइल घालू नये, ते नीट जळत नाही. तेल झाकणाने किंवा अंदाजाने न घालता मापाने घालावे. त्यासाठी स्वतंत्र माप ठेवावे, औषधाचे माप वापरू नये. धातूच्या स्वच्छ कॅनमध्ये निम्मे पेट्रोल घेऊन त्यात सगळे तेल ओतावे, झाकण लावून हलवावे आणि मग उरलेले पेट्रोल घालावे. यंत्राच्या टाकीत आधी तेल व वरून पेट्रोल असे कधीही करू नये.

येथे एक गैरसमज दूर करतो. नव्या इंजिनासाठी तेल जास्त घातले की मिश्रण दाट झाले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात उलट होते. जेटच्या छिद्रातून जाणारा द्रव ठरावीक असतो. त्यात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा घटतो. ५० ला १ या प्रमाणात तयार केलेल्या एक लिटर मिश्रणात पेट्रोल सुमारे ९८० मिलि असते, तर २५ ला १ मध्ये सुमारे ९६२ मिलि. तेल दुप्पट झाले, पण हवेच्या मानाने पेट्रोल जवळजवळ दोन टक्क्यांनी घटले. म्हणून पुस्तिकेत सुरुवातीच्या तासांसाठी जादा तेल सांगितले असेल, तर ते जरूर घालावे. परंतु त्याबरोबर कार्ब्युरेटर थोडा दाट बाजूला ठेवावा. पुस्तिकेतील प्रमाणापेक्षा मनाने दुप्पट-तिप्पट तेल घालू नये.

दुसरी गोष्ट आजच्या पेट्रोलची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातील बराच वाटा आपल्या उसाचाच आहे. परंतु इथेनॉलच्या अंगात स्वतःचा प्राणवायू असतो. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हीच गरज सुमारे १३.५ किलोवर येते. म्हणजे जुन्या पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटवर आज तेच इंजिन सात-आठ टक्के विरळ चालते. यंत्र दहा-पंधरा वर्षांचे असेल आणि पूर्वी ठीक चाललेला जेट आता कमी पडत असेल, तर हे एक कारण असू शकते. इथेनॉल पाणीही ओढून घेते. पाणी फार झाले की इथेनॉल व पाणी मिळून तळाशी बसतात. त्या थरात तेल मिसळत नाही आणि कार्ब्युरेटर नेमका तळाचाच थर ओढतो. म्हणून चार-आठ दिवसांत संपेल एवढेच मिश्रण करावे. हंगाम संपल्यावर टाकी व कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

कार्ब्युरेटरची जुळणी

पाठीवरच्या ब्लोअरला बहुधा फ्लोटचा कार्ब्युरेटर असतो. त्याचे काम तीन टप्प्यांत वाटलेले आहे. थ्रॉटल साधारण पाव उघडेपर्यंत पायलट जेट व हवेचा स्क्रू काम करतो. पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंत स्लाइडला लटकलेली सुई, म्हणजे जेट निडल, पेट्रोल ठरवते. पाऊण ते पूर्ण थ्रॉटलवर मेन जेटचे छिद्र ठरवते. ब्लोअरने फवारणी करताना आपण बहुतेक वेळ वरच्या टप्प्यात असतो, म्हणून मेन जेटला सर्वांत जास्त महत्त्व आहे. इंजिन रिकाम्या रेसवर सुरेख चालते म्हणून जुळणी बरोबर आहे, असे समजू नये.

प्रथम कार्ब्युरेटर पूर्ण खोलून पेट्रोलने धुवावा व हवेने फुंकावा. जेटच्या छिद्रात स्टोव्हची पिन किंवा तार घालू नये. छिद्र एवढे बारीक असते की, एका घासणीने ते मोठे किंवा वाकडे होते आणि जेटवरच्या नंबराला अर्थ उरत नाही. पेट्रोल वाचावे म्हणून जेटला झाळ देऊन छिद्र लहान करणे हा तर इंजिन मारण्याचाच उपाय आहे. फ्लोटची उंची पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. चेंबरमध्ये पेट्रोलची पातळी खाली राहिली, तर सर्वच टप्प्यांवर मिश्रण विरळ होते.

मग पेट्रोलचा प्रवाह पाहावा. नळी काढून कॉक उघडल्यावर धार सलग यावी. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र धुळीने बुजले असेल, तर दहा-पंधरा मिनिटांनी टाकीतून पेट्रोल उतरणे कमी होते. इंजिन विरळ होऊन तापते, बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू होते. असे होत असेल, तर जेटला हात लावण्यापूर्वी झाकण थोडे सैल करून पाहावे.

सुरुवातीची जुळणी अशी ठेवावी :

• मेन जेट मूळ नंबराचाच असावा. त्याच्यापेक्षा एक नंबर मोठा जेट मिळत असेल, तर पहिल्या दहा तासांसाठी तो टाकावा. मोठा नंबर म्हणजे मोठे छिद्र, म्हणजे दाट मिश्रण.

• सुईची क्लिप पुस्तिकेत सांगितलेल्या किंवा मधल्या खाचेत असते. रनिंगच्या काळात ती एक खाच खाली लावावी. क्लिप खाली गेली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. क्लिप वर लावली की पेट्रोल घटते.

• हवेचा स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत बसवून दीड फेरा मागे घ्यावा. तो आत फिरवला की हवा कमी, मिश्रण दाट. बाहेर काढला की मिश्रण विरळ. काही कार्ब्युरेटरवर हवेऐवजी पेट्रोलचा स्क्रू असतो, तो बरोबर उलट चालतो. आपल्याकडे कोणता आहे, ते आधी विचारून घ्यावे.

इंजिन गरम झाल्यावर हवेचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून रिकामी रेस जेथे सर्वांत स्थिर व जास्त होते ते ठिकाण शोधावे आणि तेथून स्क्रू किंचित आत घ्यावा. नंतर रेसचा स्क्रू फिरवून रेस योग्य ठेवावी.

पूर्ण रेसवरचा आवाज ओळखायला शिकावे. मिश्रण थोडे दाट असले की आवाज सलग न येता मध्येमध्ये तुटक, ‘भडभड’ येतो. पहिल्या तासांत हा आवाज चांगला. मिश्रण विरळ असले की आवाज बारीक, ताणलेला व तीक्ष्ण होतो. पूर्ण रेसवर असताना हात न लावता रेस आपोआप वाढू लागली, तर इंजिनाला तेज आले असे समजू नये. ती धोक्याची घंटा आहे. लगेच थ्रॉटल सोडून इंजिन बंद करावे.

पहिले दहा तास

रनिंगचे सर्व काम साध्या पाण्यावर सुरू करावे, टाकीत औषध घालू नये. यंत्र सुरुवातीला पाठीवर न घेता सावलीत, सपाट दगडावर किंवा ओट्यावर ठेवावे.

पहिली पायरी : इंजिन चालू करून हलक्या रेसवर दोन-तीन मिनिटे चालवावे. सांध्यातून तेल किंवा पेट्रोल गळते का, ते पाहावे. बंद करून सिलिंडर हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबावे.

दुसरी पायरी : पाव ते अर्ध्या थ्रॉटलवर पाच-पाच मिनिटे तीन वेळा चालवावे. रेस एकाच ठिकाणी न ठेवता कमी-जास्त करीत राहावी. प्रत्येक वेळी पूर्ण गार होऊ द्यावे. तापणे व गार होणे या क्रियेने सर्व भाग आपापल्या जागी बसतात. इंजिन गार असताना सिलिंडरचे नट पुस्तिकेतील तणावाप्रमाणे तपासावेत.

तिसरी पायरी : पाण्याची टाकी भरून अर्ध्या थ्रॉटलवर पंधरा-वीस मिनिटे फवारावे. मध्ये मध्ये दहा सेकंद पाऊण थ्रॉटल द्यावा व पुन्हा खाली यावे.

चौथी पायरी : पहिल्या तासानंतर पूर्ण थ्रॉटल अर्धा-एक मिनिट द्यायला हरकत नाही. पाच तासांपर्यंत सलग पूर्ण रेस टाळावी.

पाचवी पायरी : पाच ते दहा तासांत प्रत्यक्ष फवारणी करावी, परंतु एक टाकी संपल्यावर इंजिनाला विश्रांती द्यावी. भर दुपारी काम करू नये. फवारणीच्या दृष्टीनेही सकाळची व सायंकाळची शांत हवाच योग्य असते.

काही जण याच्या उलट टोकाला जातात. इंजिन जपायचे म्हणून पहिले दोन-तीन तास केवळ रिकाम्या रेसवर घुरघुरत ठेवतात. त्यानेही रिंगा बसत नाहीत. स्फोटाचा दाब रिंगेच्या मागे जाऊन तिला भिंतीवर दाबतो, तेव्हाच ती बसते. फार हलक्या रेसवर हा दाब मिळत नाही, शिवाय प्लग व सायलेन्सर काजळतात. म्हणून थोडे थोडे, चढत्या क्रमाने काम देणे हाच मार्ग.

इंजिन बंद करण्यापूर्वी अर्धा मिनिट हलक्या रेसवर ठेवावे. पूर्ण रेसवर असताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन बंद पाडू नये. पेट्रोल संपता संपता मिश्रण फार विरळ होते आणि त्या क्षणी तेलही संपलेले असते. कार्ब्युरेटर रिकामा करायचा असेल, तर तो हलक्या रेसवर करावा. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल भरू नये आणि यंत्र पाठीवर असताना तर कधीच नाही.

प्लग काय सांगतो

जुळणीची खात्री प्लगवरून करावी. प्लग पुस्तिकेत दिलेल्या नंबराचाच असावा. इंजिन कामाच्या रेसवर मिनिटभर चालवून त्याच रेसवर स्विचने बंद करावे, गार झाल्यावर प्लग काढावा. चिनीमातीचा रंग बिस्किटासारखा तपकिरी असेल, तर मिश्रण योग्य. पांढरट, राखाडी किंवा फोड आल्यासारखा असेल, तर विरळ. काळा, ओला व काजळीचा असेल, तर दाट. नवा प्लग लगेच रंग धरत नाही, म्हणून काही वेळ काम झाल्यावरच निर्णय घ्यावा.

रनिंगच्या काळात तेल जास्त असते व मिश्रण दाट ठेवलेले असते, त्यामुळे प्लग काळसर दिसणारच. तो पाहून दुसऱ्याच दिवशी पेट्रोल कमी केले जाते आणि नेमके येथेच इंजिन जाते. काळा प्लग पुसता येतो, धरलेला पिस्टन पुसता येत नाही. दहा तास झाल्यावर तेल नेहमीच्या प्रमाणावर आणावे, क्लिप व जेट मूळ जागी आणावेत आणि पुन्हा प्लग पाहावा. एका वेळी एकच बदल करावा.

हवामानाचाही परिणाम होतो. ३५ अंशांच्या मानाने १० अंश तापमानाची हवा सुमारे नऊ टक्के जड असते. म्हणून मे महिन्यात दुपारी लावलेला कार्ब्युरेटर नाशिककडच्या थंडीत पहाटे विरळ पडतो. याउलट महाबळेश्वरसारख्या उंच भागात हवा पातळ असल्याने मिश्रण दाट होते.

गवत कापणीचे यंत्र

कोकणात आंबा-काजूच्या बागेत वापरल्या जाणाऱ्या गवत कापणी यंत्राला बहुधा पडद्याचा कार्ब्युरेटर असतो. त्यावर एच, एल आणि टी असे स्क्रू असतात. एच हा पूर्ण रेसचा, एल हलक्या रेसचा आणि टी रिकामी रेस ठरवणारा. एच आणि एल बाहेर फिरवले की पेट्रोल वाढते. तपासणी गवतात, म्हणजे भारावर करावी. रिकामे यंत्र पूर्ण रेसवर फिरवत ठेवू नये, नव्या इंजिनाला ते फार घातक आहे.

फवारणीपूर्वी मोजमाप

इंजिन दुरुस्त झाले म्हणजे पंप पूर्वीसारखाच फवारील, असे नाही. ब्लोअरच्या टाकीवर हवेचा दाबही पंख्याकडूनच येतो. रेस बदलली की झोत, थेंबाचा आकार आणि द्रवाचा प्रवाह हे सगळे बदलते. म्हणून दहा तासांनंतर कामाच्या रेसवर पाच लिटर पाणी किती वेळात संपते, ते मोजावे. समजा, पाच मिनिटे लागली, म्हणजे प्रवाह मिनिटाला एक लिटर. आपण मिनिटाला ४० मीटर चालता आणि पट्टा दीड मीटर रुंद पडतो, तर एका मिनिटात ६० चौरस मीटर क्षेत्र फवारले जाते. सुमारे ४००० चौरस मीटरच्या एकराला ६७ मिनिटे व ६७ लिटर पाणी लागेल. एकराची औषधाची मात्रा या ६७ लिटरमध्ये बसवायची. हे मोजमाप न केल्यास दुरुस्तीनंतर तेच औषध झाडाला कमी किंवा जास्त पडते.

शेवटी हिशेब मांडतो. दहा लिटर पेट्रोलमध्ये २५ ला १ ऐवजी ५० ला १ तेल घातले, तर २०० मिलि तेल वाचते. क्लिप एक खाच वर लावली, तर थोडे पेट्रोल वाचते. या बचतीच्या दुसऱ्या बाजूला पिस्टन, रिंगा, सिलिंडर, मिस्त्रीची मजुरी आणि ऐन हंगामात हुकलेली एक फवारणी आहे. ती फवारणी कोणत्या दिवशी लागेल, हे आपण ठरवीत नाही, पाऊस आणि रोग ठरवतात.

म्हणून इंजिनाचे काम हंगाम तोंडावर आल्यावर काढू नये. छाटणीच्या किंवा मोहोराच्या किमान पंधरा दिवस आधी काढावे, म्हणजे पहिले दहा तास निवांतपणे पाण्यावर पुरे करता येतील. एका वहीत जेटचा नंबर, क्लिपची खाच, स्क्रूचे फेरे, तेलाचे प्रमाण आणि झालेले तास लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी मिस्त्री कोणीही असला तरी, यंत्राची जुळणी आपल्या हातात राहील.